हाळीला ओ

यंदा धुऱ्याकडच्या, बांधालगतच्या पट्ट्यात मी ज्वारी पेरायला लावली. वावर बटाईनं करणारा बाबूराव त्यावरून बरेच दिवस माझ्याशी धड बोलत नव्हता. सोयाबीन निघालं की हरभरा टाकायचा, हे त्याचं ठरलेलं. त्यात म्हातारीला मध्येच ज्वारीचं खूळ कुठून सुचलं, हा प्रश्न त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होता. मीही कारण सांगितलं नाही. सांगण्याजोगं माझ्याजवळ नव्हतंच. आसपास सगळा हरभरा, कुणाच्या रानात ज्वारीचं एक ताट नाही, तेव्हा पंचक्रोशीतली झाडून सारी पाखरं या एका पट्ट्यावर येणार, हे न कळण्याइतकी मी काही खुळी नाही. आणि आलीच ती. पौष लागला, कणसं दाण्यावर आली आणि एका सकाळी भोरड्यांचा असा थवा उतरला की ताटं जमिनीकडं वाकली.

मुलगा पुण्याला असतो. त्याला फोनवर सांगितलं, तर पुढच्या खेपेला येताना तो एक भोंगा घेऊन आला. बॅटरीवर चालणारा, आपला आवाज आत भरून ठेवता येणारा. यात तू ओरडून ठेव आई, म्हणाला, दिवसभर आपोआप वाजत राहील, तुला उन्हातान्हात जायला नको. मी त्या डबड्यासमोर उभी राहिले, घसा खाकरला आणि राखणीची हाळी दिली. पहिल्यांदा आवाज फाटला, दुसऱ्यांदा बरा लागला. आता खांबावरून दिवसभर माझाच आवाज ओरडत असतो आणि मी इकडं चुलीपुढं भाकरी थापताना तो ऐकत असते. पाखरं पहिले काही दिवस बिचकली, मग सरावली. आता त्या खांबावरच येऊन बसतात. मला त्यांचं काही चुकतं असं वाटत नाही.

खोटं कशाला बोलू, मला फार एकटं वाटतं. मालक गेल्यापासून सकाळी उठून पहिला शब्द कुणाशी बोलावा हे मला सुचत नाही. शेळीशी बोलते, पण शेळी ऐकून घेणाऱ्यातली नाही. मुलाचा फोन येतो, तो जेवलीस का विचारतो, मी जेवले म्हणते, आणि मग काहीतरी बोलायचं राहिल्यासारखं वाटत असतानाच दोघंही फोन ठेवतो. तशात आता हे रानातून येणारं माझं स्वतःचं ओरडणं. कालपरवा ते ऐकता ऐकता तव्यावरची भाकरी करपली आणि मला एकदम तुळसाबाई आठवली.

माझं लग्न झालं त्या वर्षीचा हिवाळा. मी झरीची, मॅट्रिक झालेली. माहेरी रान मोठं, पण राखणीला गडी असायचे, माळ्यावर मी कधी चढले नव्हते. चारठाण्याजवळच्या या गावात सून म्हणून आले आणि दिवाळी सरल्यावर सासूबाईंनी माझ्या हातात गोफण दिली. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. पुस्तकं वाचणारीला लांबचं दिसतं म्हणतात, तर पाखरं दिसतात का बघू, असं त्या म्हणाल्या. चार लाकडांवर फळ्या टाकून केलेला तो माळा सकाळी इतका गार असायचा की बसायच्या आधी खाली पोतं घालावं लागे. दवानं भिजलेल्या पात्यांनी हात कापायचे. मातीचे गोळे करून वाळवलेले, ते गोफणीत घालायचे. माझा गोळा पहिल्या दिवशी पुढं जायच्या ऐवजी मागं गेला आणि आत्याबाईंच्या पायाजवळ पडला. त्या हसल्या नाहीत, पण दिवसभर ज्याला त्याला सांगत होत्या.

आमच्याकडं राखणीची एक रीत होती. पाखरं नुसती हाकलून भागत नाही. माझ्या रानातून उठलेली पाखरं शेजारच्या रानात बसणार हे उघड आहे. म्हणून उठवायच्या आधी शेजारच्या माळ्याला हाळी द्यायची, की सांभाळ बाबा, तुझ्याकडं निघालीत. त्यानं ओ द्यायची, म्हणजे ऐकलं. मग त्यानं त्याच्या पुढच्याला हाळी द्यायची. अशी ती हाळी एका माळ्यावरून दुसऱ्या माळ्यावर करत पार ओढ्यापर्यंत जायची. भाऊबंदकीत डोकी फुटलेली माणसंसुद्धा राखणीच्या दिवसांत एकमेकांच्या हाळीला ओ देत. पाखराला भाऊबंदकीशी काय घेणं?

फक्त आमच्या पूर्वेच्या धुऱ्यावर ही साखळी तुटायची. पलीकडं तुळसाबाईचं वावर होतं. ती न चुकता हाळी द्यायची आणि आत्याबाई ओ द्यायच्या नाहीत.

तशी हाळी मी झरीलाही कधी ऐकली नव्हती. इतर बायका ओरडायच्या, ही ओरडत नव्हती. आवाज खालून सुरू व्हायचा, सावकाश उघडत जायचा आणि उघडल्यावर रानावर बराच वेळ राहायचा. साठी उलटलेल्या बाईचा तो आवाज आहे हे सांगूनही खरं वाटलं नसतं. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी ओ द्यायला तोंड उघडलं, तर खालून आत्याबाईंनी नुसतं वर पाहिलं. मी तोंड मिटलं. पलीकडं ती थोडा वेळ थांबली, आणि मगच गोफण फिरवल्याचा सटका ऐकू आला. रोज असंच. एखादी असती तर म्हणाली असती, बोलत नाहीत ना, मग खाऊ देत यांची ज्वारी पाखरं. हिनं कधी एक सकाळ चुकवली नाही.

कारण मला मालकांनी सांगितलं, तेही इकडंतिकडं बघत. आत्याबाई परकर नेसायच्या वयात या घरात आल्या, तेव्हा घरातली सगळी माणसं मोठी. त्यांच्याशी खेळायला एकच होता, त्यांचा धाकटा दीर किसन. त्यानं त्यांना गोफण शिकवली, हाळी द्यायला आणि ओ द्यायला शिकवलं. मोठ्या लढाईच्या दिवसांत चारठाण्याच्या बाजारात फौजेत भरती करणारी मोटार आली. मोटारीवर भोंगा होता आणि भोंग्यातून एक बाई गात होती. किसन घरी आला तो तेच गाणं गुणगुणत. पुढच्या बाजाराला गेला आणि परत आला नाही. ब्रह्मदेशाकडं धाडलं एवढी खबर आली, त्यापुढं काहीच आलं नाही.

गाणारा आवाज बाजारातल्या बायकांनी ओळखला होता. तो याच गावच्या धनगराच्या पोरीचा, तुळसाचा होता.

आता, ते गाणं तबकडीवरचं होतं. पण त्या बाजारात तबकडी कुणी पाहिली होती? तुळसा स्वतः मोटारीत, मागच्या कापडाआड बसून गातेय, अशीच साऱ्यांची समजूत झाली. पुढं घरोघर रेडिओ आले, लग्नांत तबकड्या वाजल्या, इतरांना काय ते कळलं. आत्याबाईंनी मात्र आपली समजूत सोडली नाही. त्यांच्या मते तुळसानं कापडाच्या फटीतून किसनला पाहिलं होतं. गावचं पोरगं म्हणून ओळखलंही होतं. आणि तरी ती गायची थांबली नाही. मी एकदा माझं मॅट्रिकचं ज्ञान पाजळून तबकडी कशी भरतात ते समजावायला गेले, तर म्हणाल्या, "आवाज हाय म्हंजी तितं मानूस हाय. उगं शिकवू नको मला." राग इतका जुना झाला होता की तो गेला तर किसनची जागा कशानं भरायची, हे त्यांना कळत नसावं. हे मला आज कळतं. तेव्हा मला त्या हट्टी वाटायच्या.

दोन्ही रानांत मिळून विहीर एकच होती, आणि पाणी आणायचं काम सुनेचं. तिथं तुळसाबाई भेटायची. उंच, कपाळावर गोंदण, नऊवारी साधी पण चोळी शहरी बेताची. मी शिकलेली आहे हे कळल्यावर ती आधी माझ्याशी एकदम छापील बोलली. मग स्वतःच हसली. स्टुडिओत 'आहे' म्हणायला शिकण्यात वर्ष गेलं आणि गावात येऊन 'हाय' म्हणायला एक दुपार पुरली, असं म्हणाली.

तिची कथा मला अशी घागरीघागरीनं कळली. बापाची मेंढरं माळावर पांगली की ही पोर टेकडीवरून त्यांना हाका मारायची, तोच तिचा पहिला रियाज. जिंतूरला नाटक कंपनीचा मुक्काम पडला होता, तिथल्या पेटीवाल्यानं तो आवाज ऐकला आणि मामाच्या सोबतीनं ती पुण्याला गेली. पडद्यावर तिला एक फुलाचं नाव मिळालं. कपाळावरचं गोंदण पावडरीखाली झाकायला एक खास बाई नेमलेली असे. आधी नायिकेची मैत्रीण, मग धाकटी बहीण, मग दोन-तीन चित्रांत नायिका. तेव्हा ज्यानं अभिनय करायचा त्यानंच गायचं. लढाई पेटली आणि कोरी फिल्म मिळेनाशी झाली. चित्रं आखूड करायचा हुकूम आला आणि कातरीखाली पहिली गेली ती गाणी. महिनाभर घासून बसवलेली तिची तीन गाणी अशी जमिनीवर पडली, ती झाडूवाल्यानं गोळा करून नेली. हे सांगताना तिला हसू येत होतं, पण घागर भरून वाहायला लागली तरी तिचं लक्ष नव्हतं.

एक गाणं राहिलं आणि गाजलं. त्यात ती सरदाराची बायको होती आणि रणावर निघालेल्या नवऱ्याला सांगत होती की मागं वळून बघू नका. नवरा झालेल्या नटाला तेव्हा पडसं झालं होतं आणि तो मध्येमध्ये शिंकत होता, एवढंच तिला त्या दिवसाचं आठवत होतं. तबकडी कुणी घेतली, कुठल्या मोटारीवर लावली, तिला पत्ताही नव्हता. गावी आल्यावर कळलं.

मी म्हटलं, मग तुम्ही सांगत का नाही? तुम्ही तर पुण्यात होता. ती म्हणाली, "काय सांगू? गानं माझंच व्हतं की. माझ्या तोंडातनं निघालं, मंग ते कुटं वाजलं त्याचा जवाब मी न्हाई तर कोन देनार?"

लढाईच्या शेवटच्या वर्षांत चित्रं कमी झाली तेव्हा ती छावण्यांतून आणि फौजेच्या दवाखान्यांतून गायला जायची. लॉरीत पेटी, तबला आणि ती. समोर नाना मुलखांतली पोरं, अर्ध्यांना भाषा कळत नसे, तरी बसून राहत. लढाई संपली तशी हवाही बदलली. बारीक, गोड आवाज आले. अभिनय एकीनं करायचा आणि गायचं दुसरीनं, असं सुरू झालं. एका चित्रात तिनं दुसरीच्या गाण्यावर नुसते ओठ हलवले. घरी येऊन खूप वेळ आरशापुढं बसली, म्हणाली, आणि ट्रंक भरली. लग्न झालेलं नव्हतं. भावानं धुऱ्यालगतचं हे वावर कसायला दिलं. राखणीला माळ्यावर चढली आणि पहिल्याच सकाळी हाळी दिली. ओ आली नाही, म्हणून तिनं भावाला विचारलं, तेव्हा तिला सारं समजलं.

हे सगळं लिहिताना बाहेर माझा भोंगा वाजतोय. भोंग्याचं एक बरं असतं, त्याला ओ लागत नाही. ठरल्या वेळी ओरडायचं आणि गप्प व्हायचं. ती विहीर आता बुजली, बोअर झालं, पाण्याला कुणी कुणाला भेटत नाही. मी कधीकधी उगीच कळशी घेऊन तिथवर जाते आणि रिकामी परत येते. बाबूरावानं एकदा पाहिलं, काही बोलला नाही. मला त्याचे आभार मानावेसे वाटले.

तर, संक्रांतीच्या आसपासची गोष्ट. हुरडा संपून दाणा टणक व्हायला लागला होता. विहिरीवर तुळसाबाईनं मला एका छावणीचं सांगितलं. संध्याकाळ होती, गाणी संपली तरी पोरं उठेनात. दुसऱ्या दिवशी त्यांना पुढं जायचं होतं. तिनं विचारलं, परभणीकडचं कुणी आहे का? कुणी बोललं नाही. तिला एकाएकी फार एकटं वाटलं, एवढ्या माणसांपुढं उभी असून. मग तिनं गाणं सोडलं आणि राखणीची हाळी दिली, इथल्यासारखी, गळा मोकळा सोडून.

"आन् मागनं," ती म्हणाली, "पार मागनं, ओ आली."

दिवे तिच्या तोंडावर होते, त्यामुळं पुढचं काही दिसेना. खाली उतरून जाईपर्यंत रांगा लागल्या आणि पोरं निघून गेली. कोण होतं ते कधीच कळलं नाही. पण ओ आपल्याकडचीच होती, राखणीचीच, एवढं नक्की.

मी घागर तशीच टाकून घरी आले. आत्याबाई सुपात तूर निवडत होत्या. मी धापा टाकत सगळं सांगितलं. त्यांचा हात थांबला. मग म्हणाल्या, "कसा व्हता आवाज, इचार तिला." आणि मला जवळ बसवून त्यांनी आजवर कुणाला न सांगितलेलं सांगितलं. किसन ओ द्यायचा ती लांबवत न्यायचा आणि शेवटी तिचे दोन तुकडे करायचा, हो-हो असे आखूड. दुसरं कुणी तशी देत नसे. त्याचीच ती खोड. "हे तिला सांगू नको," त्या म्हणाल्या, "फकस्त इचार, कशी व्हती."

त्या रात्री मला झोप लागली नाही. मला वाटत होतं, तुळसाबाईनं सांगावं. दोन तुकडे होते म्हणून सांगावं. तिच्या एका वाक्यात धुऱ्याच्या दोन्ही बाजूंचं सगळं मिटून जाईल, असं मला वाटत होतं.

सकाळी विहिरीवर मी विचारलं. कोणासाठी विचारतेय हे तिनं लगेच ओळखलं. काठावर बसली. डोळे मिटले. मी देवाचं नाव घेत होते.

"न्हाई आठवत, पोरी," ती म्हणाली. "चाळीस वरसं ती ओ मी इतक्यांदा आठवली की आता आठवाया गेलं तर माझाच आवाज ऐकू येतोय. किसनची व्हती म्हनले, तर तुज्या सासूच्या जिवाला थंडावा पडंल, मला ठावं हाय. पर जे मला ठावं न्हाई ते कसं सांगू?"

मला तिचा राग आला. इतका की घागर उचलताना पाणी तिच्या पायावर सांडलं आणि मी माफीही मागितली नाही. घरी जाऊन आत्याबाईंना जसंच्या तसं सांगितलं, तिला आठवत नाही म्हणाली. त्यांनी मान हलवली. "आठवत न्हाई म्हनली?" एवढंच पुन्हा एकदा विचारलं, आणि तूर निवडायला घेतली.

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी माळ्याकडं गेले तर आत्याबाई आधीच वर होत्या. गुडघे धरून कशा चढल्या त्यांनाच माहीत. पदर डोक्यावरून घट्ट घेतलेला, गोफण बाजूला. मी खाली धुऱ्यावर उभी राहिले. दव पडत होतं, सूर्य यायचा होता, भोरड्यांची कलकल सुरू झाली होती. पलीकडून तुळसाबाईची हाळी आली, रोजच्यासारखी.

आत्याबाईंनी ओ दिली.

आवाज चिरकला, मध्ये एकदा तुटला, पण त्यांनी तो लांबवत नेला, आणि शेवटी दोन तुकडे केले. हो-हो. तो त्यांचा आवाज नव्हता. इतकी वर्षं कुणाला दिसू न देता जपलेली त्यांच्या भावजींची ओ होती ती. मला रडू आलं आणि मी ते पुसलंही नाही. पलीकडं काहीच हललं नाही. गोफणीचा सटका आला नाही, पुढची हाळी आली नाही. दोन्ही रानांतली पाखरं बसली ती बसलीच आणि कुणीही त्यांना उठवलं नाही.

छावणीतली ओ अशीच होती का, हे मी तुळसाबाईला नंतर विचारलं नाही. काही गोष्टी विचारायच्या नसतात हे मॅट्रिकला शिकवत नाहीत, पण मला ते कळलं. त्यानंतर ज्वारी निघेपर्यंत रोज हाळी यायची आणि रोज ओ जायची. दोघी धुऱ्यावर समोरासमोर कधी आल्या नाहीत. एकमेकींच्या घरी गेल्या नाहीत, संक्रांतीचा तिळगूळसुद्धा झाला नाही. त्यांचं जे काही होतं ते रानावरूनच आलं आणि गेलं. मला वाटायचं, पुढच्या वर्षी बोलतील.

पुढच्या पावसाळ्यात तुळसाबाई तापानं गेली. तिच्या भाच्यानं त्या वावरात कापूस लावला. कापसाला राखण लागत नाही, म्हणून माळा मोडून त्याची लाकडं सरपणाला नेली.

पौषात आमची ज्वारी पुन्हा दाण्यावर आली. पहिल्या दिवशी मी गोफण घेऊन निघाले तर आत्याबाई म्हणाल्या, आज मी जाते. वर चढल्या. पूर्वेला तोंड करून उभ्या राहिल्या. आणि त्या बाजूला त्यांनी जन्मात पहिल्यांदा हाळी दिली.

मग त्या थांबल्या. पलीकडं कापसाची बोंडं फुटलेली होती, पांढरी, आणि त्यात कुणी नव्हतं. मी खाली होते, मला ओ देता आली असती. ओठांवर आलीही होती. पण त्या माझ्या ओची वाट बघत नव्हत्या. ऊन कणसांवर आलं तरी त्या तशाच उभ्या होत्या, हात कानामागं धरून. नंतर त्यांनी खाली बसून गोफणीत गोळा घातला आणि पाखरं उठवली.